चार बोटं जागा

"मग माझं नाव कवा यायचं, उस्ताद?"

निवासनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दस्तगीर उस्ताद चहात पाव बुडवत होते. पाव त्यांनी आधी नीट भिजू दिला.

"ट्रॅक्टर खरवडून झाला?"

"झाला की. परवाच झाला."

"सगळा?"

"सगळा... म्हंजे, झालाच."

उस्तादांनी पाव तोंडात टाकला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो असतो की नाही, हे निवासला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

मिरजेच्या बाहेर, मालगाव रस्त्याला उस्तादांची पत्र्याची शेड आहे. तिथं गाड्या रंगतात. रंगलेल्या गाडीच्या बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात बोटभर उंचीचं नाव लिहायचं, ही तिथली रीत. काम कुणाच्याही हातचं असो, नाव उस्तादांचं. एखादा शिष्य तयार झाला असं त्यांना वाटलं, तर ते स्वतः पांढरा रंग कालवायचे आणि ब्रश त्याच्यापुढं धरायचे. तिथून पुढं तो स्वतःचं नाव लिहायला मोकळा.

चाळीस वर्षांत असा ब्रश दोघांना मिळाला होता.

निवासला तो हवा होता. झोपेतसुद्धा हवा होता. त्याचा हात चांगला आहे हे सगळ्या मिरजेला माहीत होतं, आणि निवासला मिरजेपेक्षा जरा जास्तच माहीत होतं.

ट्रॅक्टर होता चंपाबाई मगदूमांचा. पेरूच्या बागेत फांद्यांखालून फिरणारा, जुन्या काळचा बुटका ट्रॅक्टर. नवरा गेल्यापासून तो गोठ्याशेजारी उभा होता. मधल्या काळात कुणीतरी हौसेनं त्याला हिरवा ऑइलपेंट फासला होता, बहुधा डोळे मिटून. चंपाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो लाल होता. त्यांना तो पुन्हा लाल करून हवा होता आणि शुक्रवारी स्वतः चालवत घरी न्यायचा होता. वय एकाहत्तर.

चहा संपला. उस्ताद उठले आणि ट्रॅक्टरपाशी गेले.

मागच्या चाकांवरचे पत्रे, पाय ठेवायची फळी, बॉनेट... उघडं लोखंड लखलखत होतं. निवासनं रिमूव्हर लावून, पट्टीनं खरवडून, पॉलिश पेपरनं घासून बारा दिवस घातले होते. उस्ताद बघत नव्हते. ते तळवा फिरवत होते.

तळवा बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात थांबला.

तिथं तेलकट कागद चिकटवलेला होता. उस्तादांनी तो सोलला. खाली चार बोटं लाल रंग तसाच होता, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: दस्तगीर, मिरज.

"हे काय?"

"तुमचं नाव हाय, उस्ताद! हिरव्याच्या खाली घावलं." निवासचा चेहरा फुलून आला. "मी ठरवलंय, ह्याला टेप लावायची, भवतीनं रंग मारायचा आणि हे असंच ठेवायचं. लोक बघाय येतील."

"इथं लोखंड दिसंना."

"आं?"

"तू म्हणालास, सगळा झाला. इथं लोखंड दिसंना."

निवास हसला. उस्ताद हसले नाहीत.

"खरवड."

निवासनं सोललेला कागद परत त्या जागी दाबून धरला.

"खरवड म्हणतो मी."

"माझा हात उठायचा न्हाई, उस्ताद."

"मग ब्रशासाठी पण उठवू नको."

निवास एकदम तापला. "अकरा वर्षं तुमच्यापाशी काढली! रंग कालवायला तुमी शिकवलं, जेवाय वाढलं तुमी. आणि आता तुमचंच नाव पुसू? लोक थुंकतील माझ्यावर."

"ट्रॅक्टर लोकांचा न्हाई. चंपाबाईंचा हाय."

एवढं बोलून उस्ताद बाकड्यावर बसले आणि त्यांनी विडी शिलगावली.

निवासनं पट्टी उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. शेजारच्या पंक्चरवाल्यानं दोन ट्यूब काढून, जोडून, परत बसवल्या, तरी हा तिथंच उभा. उस्तादांची विडी केव्हाच विझली होती आणि ती त्यांनी पुन्हा पेटवली नाही.

शेवटी त्यानं पट्टी 'द'वर टेकवली.

पहिला पापुद्रा निघाला तेव्हा निवास रडत होता. लपवत नव्हता. अकरा वर्षांत ज्या माणसाच्या चपला त्यानं कधी ओलांडल्या नव्हत्या, त्याचं नाव तो नखाएवढ्या तुकड्यांनी जमिनीवर पाडत होता. 'मिरज' गेलं. 'दस्तगीर' गेलं.

खाली लोखंड आलं नाही.

खाली लांबी निघाली. खड्डे बुजवायला भरतात ती पांढुरकी, दगडासारखी झालेली लांबी. निवासच्या कपाळाला आठी पडली. सपाट बॉनेटवर लांबी कशाला? त्यानं जोर लावला. लांबी फुटली आणि खाली निळा रंग दिसला.

निळ्यावर अक्षरं होती: तातोबा जिनगर.

उस्तादांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. हे नाव निघालं की तो जायचाच. तातोबा जिनगर म्हणजे उस्तादांचे उस्ताद.

"हे... ह्यांचं नाव हितं कसं?" निवासनं विचारलं.

उस्तादांनी विझलेली विडी बाकड्यावर ठेवली.

"हा ट्रॅक्टर आधी निळा होता. तातोबांनी रंगवलेला. मग मगदूमांना लाल पाहिजे झाला, तेव्हा माझ्याकडं दिला. मी एकवीस वर्षांचा होतो. तातोबा म्हणाले, माझं नाव खरवड."

"मग?"

"थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं."

"आणि?"

"वर लांबी भरली. घासून सपाट केली. लाल मारला. त्यांनी हात फिरवला, तो इथं आला आणि..." उस्ताद स्वतःच्या तळव्याकडं बघत राहिले. "थांबला."

"काय बोलले?"

"काय न्हाई. ब्रश दिला माझ्या हातात. माझं पहिलं नाव मी त्याच्यावरच लिहिलं. बावन्न वर्षं झाली, निवास. त्यांचं ते न बोलणं अजून कानात हाय."

निवासनं डोळे पुसले आणि पट्टी निळ्यावर टेकवायला उचलली. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"हे माझं काम."

त्यांनी एकदा कानाला हात लावला आणि पट्टी घेतली. त्र्याहत्तर वर्षांचा हात. पण थांबला नाही. 'जिनगर' गेलं. 'तातोबा' गेलं.

खालून गंज गळला. पिठासारखा, मूठभर. पत्रा गंजानं आतून खाल्ला होता आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

उस्तादांनी वाकून त्या भोकाला डोळा लावला. आणि मग ते हसायला लागले. अकरा वर्षांत निवासनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"निघालं!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की पंक्चरवाला हातातली ट्यूब घेऊनच धावत आला. "निघालं रं, सगळं निघालं!"

पुढचे तीन दिवस शेडमध्ये दोघांशिवाय कुणाला शिरकाव नव्हता. गंज घासला, डाग देऊन भोक बुजवलं, रेड ऑक्साइडचं अस्तर मारलं. मग लाल. एक हात, दुसरा हात, तिसरा. उस्ताद आणि शिष्य एकाच बॉनेटवर दोन बाजूंनी घासत होते आणि एकमेकांच्या चुका काढत होते. निवासनं उस्तादांची एक चूक काढली, ती खरी निघाली. उस्तादांनी ती गुपचूप दुरुस्त केली.

शुक्रवारी चंपाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"अगंबाई... हाच तो."

एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून सीटवर चढल्या. दोनदा इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा धरलं. आणि एकाहत्तर वर्षांची ती बाई तो लालभडक ट्रॅक्टर घेऊन शेडसमोरच्या मैदानात गोल फिरली. एकदा, दोनदा, तीनदा... उतरायचं नावच घेईना. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. कुणीतरी शिट्टी मारली. पंक्चरवाला टाळ्या वाजवत होता. निवास नुसता ट्रॅक्टरकडं बघत होता आणि या खेपेला तो स्वतःकडं बघायचं विसरला होता.

ट्रॅक्टर पुन्हा शेडच्या दाराशी येऊन थांबला.

निवासनं मागं वळून पाहिलं. उस्ताद एका वाटीत पांढरा रंग कालवत होते.

त्यांनी ब्रश पुढं धरला.

निवासनं तो दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. मग बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला, ब्रश वाटीत पार बुडापर्यंत बुडवला आणि भरदार 'नि' काढायला घेतला. रंगाचा थेंब अक्षराखाली लोंबायला लागला.

उस्ताद त्याच्या शेजारी टेकले. त्याचा हात धरून त्यांनी ब्रश वाटीच्या काठावर निथळून घेतला आणि परत त्याच जागी आणून ठेवला.

"पातळ लिही, लेका. पुढच्याला खरवडायचं हाय."