लोण्याचे हात

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, इतकी जुनी की त्या डोंगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगरावर मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. कड्याच्या पोटाला मोहोळं लागत आणि माणसं दोरावरून उतरून मध काढत.

गावाची एक रीत होती. कुणी उतरण्याआधी दोर सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. कुणालाही काही खटकलं, तर त्याने 'थांब' म्हणायचं. मग दोर उकलून बघेपर्यंत कुणी उतरायचं नाही.

हे दोर धोंडबा वळायचा. त्याच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की निखारा उचलला तरी कळू नये, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! धाकटा भाऊ गेनू मात्र मऊ हातांचा. त्याने एकदा 'थांब' म्हटलं, तेव्हा दोरात खरंच खोट निघाली. पुढे पुन्हा म्हटलं, तेव्हा निघालं एक कुसळ.

"लोणी आहेस नुसता," धोंडबा म्हणाला. "जरा ऊन लागलं की वितळलास."

लोक पोट धरून हसले. शब्द गावाला भारीच आवडला. काटा रुतला म्हणून कुणी हाय केलं, की तो लोणी. लेक सासरी निघाली म्हणून बापाचे डोळे भरले, की तोही लोणी. गेनू बिचारा गप्प राहायला शिकला.

त्या साली धोंडबाचा मुलगा पहिल्यांदाच कडा उतरणार होता. दोर फिरू लागला. धोंडबाच्या हातांतून तो सरसर गेला, त्याला काहीच जाणवलं नाही. गेनूची बोटं मात्र एका जागी अडखळली. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि दोर पुढे दिला.

धोंडबाने ते पाहिलं. पोराने कमरेला गाठ मारायला घेतली होती. बाप भावाकडे वळला.

"गेनू, काय लागलं रे?"

"माझाच भास असेल, दादा. मागल्या खेपेलाही चुकलो होतो. लोण्याला काय, काहीही लागतं."

"थांब," धोंडबा मुलाला म्हणाला.

दोर उकलला. आतला एक पेड कुजून काळा पडला होता.

धोंडबाने तो पेड सगळ्यांसमोर धरला. "एवढ्या हातांतून गेला," तो म्हणाला, "आणि कुणालाच कळलं नाही?"

शेजारची म्हातारी हळूच बोलली, "मला लागलं होतं बाबा. पण या वयात लोणी कोण म्हणवून घेणार?" तिच्यामागे आणखी तिघांनी माना खाली घातल्या.

धोंडबा सगळ्यांदेखत रडला. त्याला मात्र कुणी लोणी म्हटलं नाही. त्या दिवसापासून दोर वळून झाला, की तो आधी गेनूच्या हातात द्यायचा आणि गेनू काय सांगतो याची वाट बघत बसायचा.

तात्पर्य : लागलं म्हणणाऱ्याला हसलं, की लागलेलं सगळेच गिळून टाकतात.