घारीच्या वाटेवर

एकदा एक विद्वान शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांसह समुद्रकाठच्या कड्यावरून चालला होता. कड्यापलीकडच्या गावी त्याची थोरली बहीण राहत असे. आई अंथरुणाला खिळली, निरोपामागून निरोप आले, तरी हा आश्रमात ग्रंथ घोकत बसला. आणि आई गेली. तेव्हापासून बहिणीने बोलणे टाकले होते. रक्ताचे म्हणावे असे आता तेवढे एकच माणूस उरले होते, तेही हातचे जाईल या धास्तीने तो निघाला होता. तिला द्यायचे उत्तर मात्र त्याने तयार ठेवले होते. विद्यासाधना हीच खरी मातृसेवा कशी, वगैरे. ते उत्तर त्याचे त्यालाच इतके आवडले होते की वाटभर तो ते ओठांत घोळवत होता.

वाट अरुंद झाली. डाव्या हाताला उभा खडक, उजव्या हाताला खोल खाली फेसाळणारे पाणी. इतक्यात पाठीमागून काहीतरी सपकन आले आणि त्याच्या टाळूवर नखे उमटली. कपाळावर रक्त ओघळले. वाटेखालच्या कपारीत, उंबराच्या झाडावर घारीचे घरटे होते.

"पळू नकोस," आचार्य म्हणाले. "पाय निसटला तर संपलास."

घार वळली. घाबरलेल्या शिष्याने दगड उचलला, पण आचार्यांनी त्याचे मनगट घट्ट धरले. मग आपली चंदनी मुठीची काठी त्यांनी मूठ वर करून त्याच्या डोक्याच्याही वर उंच धरली. घार किंचाळत काठीवरच तुटून पडली.

"गुरुदेव, ती काठी तुमच्या गुरूंची आहे!"

"चाल."

घार पुन्हा आली, पुन्हा आली. काठी थरथरत होती, तरी आचार्यांनी ती ना फिरवली, ना खाली घेतली. वाट रुंद झाली तेव्हा चंदनी मुठीवर खोल ओरखडे होते.

"तिची पिले खाली आहेत," आचार्य म्हणाले. "वार केल्यावाचून तिला राहवणार नाही. जे सर्वांत उंच दिसते त्यावरच ती झडप घालते. म्हणून आपल्याला जे मोलाचे वाटते तेच वर धरावे, आणि तिला मारू द्यावे. काठी ओरबाडली, पण तू कड्यावर राहिलास आणि पिले घरट्यात राहिली. बाळा, तू मघापासून ओठांत काय पुटपुटत होतास?"

"ताईला द्यायचे उत्तर," शिष्य म्हणाला.

बहिणीने दार उघडले आणि उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

"आता इलंस? आवस मरताना तुझाच नाव घेई होती! कसली ती तुझी विद्या? घाल ती चुलीत!"

सुरेख उत्तर जिभेच्या टोकाशी आले होते. त्याने ते गिळले.

"खरा आसा, बाय. माझी विद्या तिच्या काय्येक उपयोगाक पडली नाय."

ती आणखी बोलली, रडली, पुन्हा बोलली. तो हलला नाही. शेवटी तिची नजर त्याच्या कपाळाकडे गेली.

"ह्या रगात कसला रे?" ती म्हणाली आणि पदराचे टोक भिजवायला आत वळली. दार तिने उघडेच ठेवले होते.