घंटेच्या गळ्यातलं नाव

एका राज्यात, ऑलिव्हच्या टेकडीवर पांढऱ्या भिंतींचं एक गाव होतं, आणि त्या गावावर शाप आला तो मुखिया फ्रुतोसमुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही.

गावाच्या घंटामनोऱ्यावर करकोच्याचं घरटं होतं. गाडीच्या चाकाएवढं, गावाइतकंच जुनं. राजा गाव पाहायला येणार असा निरोप आला आणि फ्रुतोस गरजला, "राजेसाहेबांना हा कचरा दाखवायचा?" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरटं बांबूनं खाली पाडलं, आणि त्याच क्षणी घंटा मुकी झाली. दोर ओढला की ती हलायची, पण आवाज नाही.

त्या गावाची रीत अशी होती, की डोंगरावर धुकं उतरलं की मेंढपाळ परतेपर्यंत घंटा वाजवत राहायचं. आवाजाचा माग धरून कळप घरी येत. राजा यायच्या आदल्या दिवशी सकाळीच धुकं उतरलं. सात मेंढपाळ वर अडकले. त्यांतला एक गिनेस, फ्रुतोसचा धाकटा भाऊ.

गिनेसची मुलगी ओलाया. राजांची नावं घोकायला नकार देऊन तिनं शाळा सोडली होती, म्हणून म्हातारे तिला वाया गेलेली म्हणत. तेच म्हातारे आता कारंज्यापाशी बसून हवेवर चर्चा करत होते. ओलाया मनोरा चढली. उघड्या दगडावर करकोचा एका पायावर उभा होता.

"तीन वस्तू आण," तो म्हणाला. "सर्वांत जुन्या झाडाची काडी, सर्वांत जुन्या भिंतीचा चुना, आणि घरटं पाडायला सांगणारा आवाज."

"नाही मिळाल्या तर?"

"धुक्यात घरची वाट आणि कड्याची वाट सारखीच दिसते, पोरी."

ती टेकडीवरच्या सर्वांत जुन्या, पोकळ ऑलिव्हपाशी गेली. झाडानं विचारलं, "मला कुणी लावलं?"

"मला माहीत नाही."

झाड खोडापासून शेंड्यापर्यंत करकरलं. "हजार वर्षं मुखियाचं घराणं सांगतंय, आम्ही लावलं. खरं बोलणारी तू पहिली." आणि काडी तिच्या ओंजळीत पडली.

मग ती कारंज्यामागच्या, गावातल्या सर्वांत जुन्या भिंतीपाशी आली. दर वसंतात गाव भिंतींना चुना लावी, जुन्यावर नवा. ओलाया सुरीनं थर खरवडू लागली. एका थराखालून लग्नाची गाणी आली, एकाखालून साथीत मेलेल्यांचं कण्हणं, एकाखालून ताज्या पावाचा वास. हे सगळं इथंच होतं, आणि म्हातारे रोज याला पाठ टेकून बसत होते! अगदी तळाशी एका बाईचा पंजा उमटलेला होता. ओलायानं त्यावर हात ठेवला. पंजा ऊबदार होता. भिंतीतून बोटं बाहेर आली, तिच्या तळहातावर चुन्याचा खडा ठेवून आत गेली.

उरला आवाज. फ्रुतोस आरशासमोर स्वागताचं भाषण म्हणत होता. सात गावांत तसा आवाज नव्हता, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"काका, घंटेसाठी तुमचा आवाज द्या."

"खुळी झालीस? उद्या भाषण कोण करणार?"

"करा की. ऐकायला सात माणसं कमी असतील. त्यांत तुमचा भाऊ."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठी माणसं असं वागतात?"

फ्रुतोसनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरचं घरही दिसत नव्हतं. "पोहायला मीच शिकवलं होतं त्याला," तो पुटपुटला आणि काठी घेऊन मनोऱ्याचा जिना चढू लागला.

मनोऱ्यावर ओलायानं काडी ठेवली, चुना ठेवला. करकोच्यानं चोचीनं नवं घरटं मांडलं. फ्रुतोसनं घंटेच्या तोंडात डोकं घातलं आणि जीव खाऊन हाक मारली, "गिनेस!"

हाक परत बाहेर आली नाही. घंटेत शिरली, आणि घंटा दणाणली. टेकड्या थरारल्या. धुकं मधोमध फाटलं, आणि त्या फटीतून मेंढ्या आल्या, मेंढ्यांमागून माणसं. एक, दोन, सात. सातवा गिनेस. तो वर बघत म्हणाला, "दादानं हाक मारली ना मला?"

दुसऱ्या दिवशी राजा आला. त्यानं घंटा ऐकली, घरटं पाहिलं, आणि मुकुट काढून हातात धरला. फ्रुतोस भाषणाला उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. म्हाताऱ्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

फ्रुतोस त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. एक शब्दही बोलला नाही.