सगळ्यांना सारखा चहा

एकदा एका शिष्याने गुरूंचा नियम इतका मनोभावे पाळला, की गुरूंच्याच काळजात धस्स झाले.

पुण्यात एक वयोवृद्ध बाई जपानी शिकवीत आणि भाषांतरे करीत. विद्यार्थी त्यांना सेन्सेई म्हणत. त्यांचा लाडका शिष्य शार्दूल याच्याकडे प्रथमच एक काम स्वतंत्रपणे आले होते. इथे आजारी पडलेल्या एका जपानी अभियंत्याचा तो वैद्यकीय अहवाल होता. मायदेशी पोहोचल्यावर तिथले डॉक्टर त्यावरूनच पुढचा उपचार ठरवणार होते. एका लेखात एका शब्दाला एकच प्रतिशब्द, हा सेन्सेईंचा दंडक. म्हणून इंग्रजी अहवालात जिथे जिथे 'सेन्सिटिव्हिटी' आले, तिथे तिथे शार्दूलने 'कान्दो' हा एकच जपानी शब्द लिहिला आणि मोठ्या ऐटीत कागद बाईंपुढे ठेवले.

सेन्सेईंनी ते वाचले. त्या उठल्या आणि दुधाचा चहा घेऊन आल्या. शार्दूलला दूध मुळीच सोसत नसे. बाई त्याच्यासाठी नेहमी आठवणीने कोरा चहा करीत. त्याला मनातून फार वाईट वाटले.

"सेन्सेई, मला दूध चालत नाही. विसरलात?"

"विसरेन कशी? पण म्हटलं, आज सगळ्यांना सारखाच. तूही तेच केलंयस ना, बाळा?" बाईंनी कप उचलून दूर ठेवला. "तपासणीचं यंत्र किती बारीक पकडतं, तिथे कान्दो अगदी बरोबर. पण जंतू अहवालातल्या या औषधापुढे टिकत नाहीत, त्याला तिकडचे डॉक्टर कान्जुसेई म्हणतात. आणि त्याच औषधानं रुग्णाला श्वास लागतो, ते काबिनशो. जंतूंना सेन्सिटिव्हिटी असेल तर औषध द्यायचं, रुग्णाला असेल तर चुकूनही द्यायचं नाही. तू दोघांना एकाच पंगतीत बसवलंस. नियम खरा आहे रे, पण आधी विचारायचं, कोणाला काय होतंय?"

शार्दूलचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे त्यांना तेच औषध..."

"अजून पाठवलं नाहीयेस," त्याच्या पाठीवर हात ठेवत बाई म्हणाल्या. "बस इथेच. सावकाश कर."

शार्दूलने कागद पुन्हा पहिल्यापासून उघडले. सबंध अहवाल त्याने जपानीत आणला होता, पण रुग्णाचे नाव काही त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. त्याने ते आता नीट वाचले. हयाशी. मग तो कामाला लागला.