बॅगपायपरचा हुंदका

"…आणि वाजवताना हुंदका आला तर?"

जोतिबाने हे चौथ्यांदा विचारलं. त्याचे उस्ताद, पलटणीच्या बँडातून रिटायर झालेले भरमूतात्या, ओट्यावर बसून दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, "आला तर ये म्हणावं. चहा टाकू."

जोतिबाला हसू आलं नाही.

एरवी, बँडात बॅगपाइप वाजवावा तर आपणच, असं तो गावभर सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगायची सवडच द्यायचा नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या जिवलग दोस्ताला, कल्लाप्पाला, तिरंग्यात गुंडाळून आणलं, आणि सरणापाशी या शहाण्याचा सूर मध्येच मेला. सगळ्या गावासमोर. कल्लाप्पाच्या आईसमोर, गंगाक्कासमोर.

आज वर्षश्राद्ध. दहा वाजता कल्लाप्पाच्या पुतळ्यापाशी पुन्हा तेच वाजवायचं. पावणेदहा झाले होते.

"दम रोखून धरीन," जोतिबा म्हणाला. "पण रोखला नाही गेला तर…"

"वाजव."

"आत्ता?"

"नाही, माझ्या तेराव्याला!"

जोतिबाने बॅगपाइपची पिशवी काखेत धरली, फुंकून टम्म फुगवली, सूर लावला. तात्यांनी गालावरचा साबण पुसला, खिशातून चिंच काढली आणि थेट त्याच्या नाकासमोर मिटक्या मारत चोखायला लागले. लग्नातल्या सनईवाल्याला गावची कार्टी छळतात ना, अगदी तसं. बाहत्तर वर्षांचा घोडा!

जोतिबाच्या तोंडाला पाणी सुटलं. नळीवरून ओठ सुटले.

"तात्या, आजच्या दिवशी तरी! लाज नाही वाटत? इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही…"

तात्यांनी नुसतं कानाला बोट लावलं.

जोतिबा गप्प झाला…

सूर चालूच होता. रागाच्या भरात त्याने काखेतली पिशवी आणखीच आवळली होती, आणि ती तोंडावाचून वाजत होती.

"गेल्या वर्षी दम रोखलास," तात्या म्हणाले, "आणि पिशवीवरचा हात सोडलास."

"म्हणजे… रडलं तरी चालतं?"

"मी कुठं काय म्हणालो?" तात्यांनी चिंचोका थुंकला.

तेवढ्यात चौकातला लाउडस्पीकर खरखरला. कल्लाप्पाचं नाव पुकारलं गेलं. जोतिबा उठला.

"तात्या, गंगाक्का पुढच्याच खुर्चीवर असणार. मी डोळे मिटूनच वाजवतो. म्हातारीचं तोंड नाही बघवणार मला."

तात्यांनी पिशवीचा पट्टा त्याच्या खांद्यावर नीट बसवला.

"उघडे ठेव. तिच्याकडंच बघ. त्या माउलीपाशी हुंदका सावरायला पिशवी नाही."