मिसातोहून मिसातोला

एका राज्यात, जिथला सूर्य रोज समुद्रातून ओलाचिंब होऊन वर यायचा, तिथे रस्त्यांना कान होते. प्रत्येक वेशीवर एक दगड असे. दगडापाशी उभे राहायचे, जायच्या गावाचे नाव घ्यायचे, की रस्ता आपसूक त्या गावाकडे वळे. चालावे मात्र ज्याचे त्यालाच लागे. रस्ता वाट देई, पाय देत नसे.

त्या राज्याच्या राजाची राणी वारली. तिचे नाव मिसातो. राजाने समुद्रापलीकडून एक मायावी बोलावला आणि म्हणाला, "राणीचं नाव माझ्या प्रजेच्या ओठावरून कधी उतरू नये, असं कर."

मायावी म्हणाला, "करतो. पण मग बाकीची नावं कुठं ठेवू?"

राजा म्हणाला, "ठेव कुठंही."

त्या दिवसापासून राज्यातली सगळी खेडी मिसातो झाली, सगळी शहरे मिसातो झाली. नद्या, ज्यांनी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते, त्याही मिसातो झाल्या. जुनी नावे लोकांच्या जिभेच्या टोकाशी येत आणि बाहेर पडताना मिसातो होऊन पडत. रस्ते बिचारे काय करणार? जे मिसातो आधी सापडेल तिथे माणसाला नेऊन सोडत. बाजाराला निघालेला माणूस भलत्याच बाजारात पोचे, वऱ्हाड भलत्याच मांडवात. आधी लोक हसले, मग रडले, आणि मग दमले. दमलेले लोक फार बोलत नाहीत. राज्य गप्प झाले.

अशा त्या राज्यात, मीठ पिकवणाऱ्या एका मिसातोत किनू नावाची सून होती. मुळातच घाबरट. भांडे वाजले तरी दचकायची, आणि दचकली की हाताला येईल ते पिळत बसायची. तिचे माहेर दूर डोंगरात, एका नदीकाठी. बाप पाणकावळ्यांकडून मासे धरणारा. त्या कामात पक्ष्याच्या गळ्यात कडे घालतात आणि कड्याला दोरी बांधतात. पक्षी बुडी मारतो, मासा चोचीत धरतो, पण कड्यामुळे तो गिळता येत नाही. मग दोरी ओढून पक्ष्याला नावेत घ्यायचे. बाप वारला तेव्हा त्याच्या दोरीचा एक तुकडा किनूने मागून घेतला होता. आपले गाठोडे ती त्यानेच बांधायची.

किनूला दिवस गेले. नववा महिना लागला. नवरा खोल समुद्रात मासेमारीला गेलेला. सासू चुलीपुढून म्हणाली, "सातव्यात माहेरचं माणूस न्यायला येतं, अशी रीत आहे. तुझ्या माहेरचे वाट विसरले वाटतं?"

"विसरले नसतील, आई. सापडत नसेल."

"आमच्या वेळी सापडायची हो."

सासू असे बोलली खरी, पण भाताचे गोळे तिनेच बांधून दिले. कारण रीत तिलाही ठाऊक होती. पहिलटकरणीच्या बाळाला पहिली आंघोळ तिच्या माहेरच्या नदीच्या पाण्याने घालतात. किनूला त्या पाण्याचे एवढे नव्हते. तिला आई हवी होती. आईशिवाय आपल्याकडून हे निभायचे नाही, एवढेच तिला कळत होते. तिने गाठोडे उचलले, वेशीवरच्या दगडापाशी गेली, माहेरचे नाव आठवायला डोळे मिटले, आणि तोंडातून आले, "मिसातो." रस्ता हलला. किनू चालू लागली.

पहिले मिसातो लागले ते कुंभारांचे. भट्टीतून धूर निघत होता, आणि किनूचे माहेर तर डोंगरात होते. ती मागे वळणार, तोच एका अंगणातून हाक आली, "आलीस का गं, ओसोनो?"

किनू केवढ्याने दचकली. अंगणात एक आंधळा कुंभार बसला होता. घाबरून तिने गाठोड्याची दोरी अशी पिळली, अशी पिळली, की दोरी तटकन तुटली आणि भाताचे गोळे धुळीत गडगडले. किनूला आश्चर्य वाटले. याच दोरीने बाप भरल्या पुरातून पक्षी ओढायचा. पण आश्चर्य करत बसायला तिच्यात त्राण नव्हते.

"मी ओसोनो नाही, आजोबा. मी किनू. मला मिसातोला जायचंय."

"मग आलीस की. ओसोनोही मिसातोला यायला निघालीय म्हणे. कुठल्या मिसातोत पोचली असेल कोण जाणे. बस. तिच्यासाठी रांधलेलं रोज मलाच संपवावं लागतं."

किनू बसली. म्हाताऱ्यासमोर लेकीसारखी जेवली, लेकीसारखी भांडी घासली. निघताना म्हातारा म्हणाला, "काल एक बाईमाणूस येऊन गेलं. तीही मिसातोच विचारत होती. तिनं काही भांडी घासली नाहीत हो!"

किनूने दोरीला गाठ मारली, दगडापाशी म्हणाली, "मिसातो," आणि चालू लागली.

दुसरे मिसातो लागले ते एक शहर. वेशीला दरवाजा, दरवाज्यावर पहारेकरी. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

"कुठून आलात?"

"मिसातोहून."

"कुठं निघालात?"

"मिसातोला."

पहारेकऱ्याने सुस्कारा सोडला. "सकाळपासून हेच ऐकतोय. काल एक म्हातारी आली. मी म्हटलं, मिसातोहून मिसातोला जायचं तर घरीच बसायचं की! तर हातातला भोपळा उगारून धावली माझ्या अंगावर. पाणी भरलेला भोपळा, बाई! डोकं फुटलं असतं."

किनूला हसू आले नाही. पोट दगडासारखे जड झाले होते, घोटे सुजून चपलांच्या बंदांबाहेर आले होते. तिने विचारले, "दादा, हे सगळं कधी थांबायचं?"

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "राजाच थांबवेल तर. पण तो राजवाड्यात नाही. पक्षी घेऊन नदीवर बसलाय म्हणतात."

"कुठल्या नदीवर?"

पहारेकऱ्याने तिच्याकडे नुसते पाहिले.

"कळलं," किनू म्हणाली. तिने मिसातो म्हटले आणि चालू लागली.

तिसरे मिसातो लागले ते गाव नव्हते, शहर नव्हते. ती नदी होती. रुंद, संथ, मधोमध वाळूचा एक टापू. टापूला नाव लागली होती आणि नावेत एक म्हातारा बसला होता. अंगावर जरीची वस्त्रे, पण विटलेली. त्याच्या मनगटाला दोरी, दोरीच्या टोकाला पाणकावळा. गुडघाभर पाण्यातून चालत किनू टापूवर गेली आणि मटकन वाळूत बसली. नमस्कार करायचेही तिला सुचले नाही.

पाणकावळा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आणखी एक आली."

किनू दचकली, पण थोडीच. दचकायलाही अंगात बळ लागते.

"महाराज," ती म्हणाली, "मला माहेरी जायचंय. माझे दिवस भरत आलेत. माझ्या गावाचं नाव मला परत द्या."

राजा म्हणाला, "नावं याच्या घशात आहेत, मुली. सगळ्या राज्याची. मायाव्यानं याला भरवली, गळ्यात कडं घातलं, दोरी माझ्या हाती दिली आणि निघून गेला. ना याला गिळता येत, ना टाकता येत."

"दुखतं," पाणकावळा म्हणाला. "कुणी विचारत नाही, पण दुखतं."

"मग सोडवा ना त्याला."

"रोज ओढतो. दोरी तुटत नाही, कडं आणखी आवळतं."

किनूच्या पोटात तेवढ्यात पहिली कळ आली. ती घाबरली. उठून तिने राजाच्या हातातली दोरी धरली आणि सगळे बळ लावून ओढली. पक्ष्याचे डोळे पांढरे झाले. तिने ती झटकन सोडली. मग राजाच्या कमरेची तलवार उपसून दोरीवर घातली. तलवारीची धार गेली, दोरीचा एक तंतू तुटला नाही. किनू पुन्हा वाळूत बसली, दोरी मांडीवर घेतली आणि रडू लागली. रडता रडता, भ्यायलेले हात जे नेहमी करतात तेच करू लागले. पिळू लागले.

दोरी कुरकुरली.

किनू थांबली. तिने आपल्या गाठोड्याच्या दोरीकडे पाहिले, गाठ मारली होती तिथे. आणि तिला नावेतला बाप दिसला. पक्षी पाण्याखाली खडकात अडकला की बाप कधी ओढत नसे. दोरीला उलटा पीळ देई, ती तुटे, आणि पक्षी मोकळा होऊन वर येई. ओढले तर जन्म जाईल पण तुटायची नाही, अशी ती दोरी.

"महाराज, ही तुटेल. उलटा पीळ द्यायचा. आणि दोरी तुटली, की कडं सैल पडतं."

राजाने चटकन तिचा हात धरला. "थांब. दोरी तुटली तर राणीचं नाव कोण घेईल?"

"आत्ता तरी कोण घेतंय?" किनू म्हणाली. आपण राजाशी बोलतो आहोत हेही ती विसरली होती. "लोक शिवी दिल्यासारखं म्हणतात, महाराज. मीही तसंच म्हणते. त्या बाईनं माझं काय वाईट केलं होतं?"

राजाने दोरीकडे पाहिले. मग म्हणाला, "एक जागा राहू दे तिच्या नावाची. एकच."

"कुणी घेणार नाही," पाणकावळा म्हणाला. "सगळ्यांना वीट आलाय."

किनूने खाली पाहिले. हाताखालची वाळू उन्हाने ऊबदार झाली होती. "हा टापू आहे की. याला कधी काही नाव होतं का?"

"पुरात बुडतो, पुरात निघतो," राजा म्हणाला. "याला कोण नाव ठेवणार?"

"मग हा मिसातो."

राजाने हात काढून घेतला. किनूने दोरीला उलटा पीळ दिला. एकदा दिला, दोरी कुरकुरली. दुसऱ्यांदा दिला, तंतू सुटले. तिसऱ्यांदा दिला, आणि दोरी तटकन तुटली. कडे पाण्यात पडले. पाणकावळ्याने मान लांब केली, चोच उघडली, आणि आतून चांदीच्या माशांसारखी नावे बाहेर उडाली. गावांची, शहरांची, नद्यांची. एकेक पाण्यात पडे आणि प्रवाहाला न जुमानता आपापल्या दिशेला निघून जाई. त्यातले एक किनूच्या ओठांवरून गेले आणि ती म्हणाली, "हिनोसे." तिच्या माहेरचे नाव. नदीपल्याडचा रस्ता ताबडतोब वळून तिच्यासमोर आला.

पण कळा आता थांबत नव्हत्या. रस्ता समोर होता आणि उठायला पाय नव्हते.

"हिनोसे लांब आहे," ती म्हणाली. "उशीर झाला."

राजाने आपली विटलेली शाल तिच्याभोवती गुंडाळली. याहून जास्त त्याला काही येत नव्हते.

आता इकडे काय झाले? नावे परत आली, ही बातमी नावांइतक्या वेगाने पळाली नाही. राज्यात ठिकठिकाणच्या दगडांपाशी दमलेली माणसे उभी होती, आणि सवयीने म्हणत होती, "मिसातो." आता राज्यात मिसातो एकच उरले होते. रस्त्यांना जीव आला. इतक्या दिवसांनी त्यांना नेमके कळले कुठे जायचे ते.

ऊन उतरायच्या आत जवळपासच्या वेशींवरून माणसे काठावर जमू लागली. टोपल्या घेतलेले व्यापारी आले, चुकलेली वऱ्हाडे आली, ओसोनो नावाची कुंभाराची लेक आली. आणि त्या गर्दीतून वाट काढत, भोपळा छातीशी धरून, एक म्हातारी पाण्यात उतरली.

"सरका, मेल्यांनो! पाणी सांडेल!"

किनूने तो आवाज ओळखला.

"आई?"

म्हातारी वाळूवर आली, लेकीकडे बघत राहिली, आणि एकदम चिडली. "तू इथं काय करतेस? मी तुला न्यायला निघालेय ना! अशा अवस्थेत कुणी एकटं बाहेर पडतं?"

"तुझीच वाट बघून निघाले."

"मग बघायची आणखी थोडी!" असे म्हणून ती खाली बसली, तिने किनूचे डोके मांडीवर घेतले, आणि मग तिलाच रडू आवरेना. थोड्या वेळाने तिची नजर राजावर गेली. "अहो, शालवाले! नुसते बघता काय? पाठ करून उभे राहा!"

राजा पाठ करून उभा राहिला.

मुलगी झाली. भोपळ्यातले हिनोसेचे पाणी म्हाताऱ्या हातांनी तिच्यावर घातले. पाणकावळ्याने डुबकी मारून एक मासा धरला आणि सगळ्यांदेखत गिळला. काठावरची माणसे एकमेकांना विचारू लागली, "या जागेचं नाव काय?" आणि जो तो सांगू लागला, "मिसातो." राजा पाठमोरा उभा राहून ऐकत होता.

मग गाव आपल्या नावाला लागले, नदी आपल्या नावाला लागली. चुकलेले घरी गेले, दमलेले निजले. त्यांच्या वाटा सरळ झाल्या, तशा ऐकणाऱ्यांच्याही होवोत.