आतला स्पोक, बाहेरचा स्पोक

"...मग सांगा ना उस्ताद, खोट कुठं आहे?"

नेमगोंडाने चाक पुन्हा फिरवलं. ते जराही न डुलता गोल फिरत राहिलं.

दस्तगीर उस्ताद दर्ग्याच्या ओट्याला टेकून बसले होते. त्यांच्याच हाताखाली नेमगोंडा सायकलीचं काम शिकला होता. अलीकडे गिऱ्हाइकं उस्तादांना सलाम करून सरळ त्याच्याकडे जात, आणि ते त्याला आवडू लागलं होतं.

"चाक सरळ आहे," उस्ताद म्हणाले.

"मग?"

"स्पोक जुनेच घातलेस?"

"जुनेच. रिंग तेवढी खड्ड्यात वाकली होती, ती नवी घातली. स्पोक चांगले होते. रॉकेलमध्ये भिजवले, घासले. बघा तरी, कसे चमकतात."

"सगळे एकाच डब्यात भिजवलेस?"

नेमगोंडा हसला. "मग काय! स्पोकांत कसलं सोवळंओवळं?"

चिंचेखाली बसलेली सुंदराक्काही हसली. सायकल तिची. तिच्या नवऱ्याचे पाय गेले होते. त्याला मागच्या कॅरिअरवर बसवून ती खिंड उतरायची, पलीकडच्या दवाखान्यात न्यायची. आजही न्यायचं होतं. तो तिच्या शेजारी सतरंजीवर टोपी घालून तयार बसला होता.

उस्ताद हसले नाहीत.

चाक खोलताना हबच्या आतून ओवलेले स्पोक एका चिंधीत बांधायचे आणि बाहेरून ओवलेले दुसऱ्या चिंधीत, ही त्यांची रीत होती. वर्षानुवर्षं ताण सोसून स्पोकची मान, म्हणजे हबमध्ये अडकणारं वाकडं टोक, एका बाजूला वळून बसलेली असते. तो स्पोक आतल्याचा बाहेरचा केला, की ती मान उलटी वाकते. चाक त्या दिवशी सरळच दिसतं. पुढं कधीतरी, ओझ्याखाली, मान तुटते.

नेमगोंडाला हे ठाऊक होतं. पण चाक खोलताना रस्त्यावरची माणसं बघत उभी राहिली होती. काय हात चालतो पोराचा, असं कुणीतरी म्हणालंही होतं. अशा वेळी चिंध्या शोधत बसणं त्याला म्हाताऱ्या माणसाचं काम वाटलं.

"तुटतीलच असं थोडंच आहे?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"नाही. तुटतीलच असं नाही."

"मग देऊ अक्काला सायकल?"

उस्तादांनी नुसतं चाकाकडे बोट केलं. नेमगोंडाने चाक सायकलीला बसवलं, नट आवळले. तोवर उस्ताद उठले आणि धोतर सावरून कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसले.

"चल. खिंड उतरू."

"अगं बाई!" सुंदराक्का ओरडली. "उस्ताद, नवरदेवावानी बसलाय की!"

"नवरी पुढं बसलीय," तिचा नवरा म्हणाला. "जरा दमानं ने रे नेमू, डागिना जुना हाय!"

नेमगोंडाही हसला आणि त्याने पायडल मारलं.

दर्ग्यापासून खिंड हाकेच्या अंतरावर होती. रस्ता खाली वाकतो तिथं तो आला. पुढं उतार, उतारावर खडी, एका अंगाला ओढ्याची दरड. उस्तादांनी त्याच्या कमरेला हात घातला होता. किती हलका हात होता तो... वाळलेल्या शेंगेसारखा.

मागचं चाक मुकाट फिरत होतं. कुठं करकर नाही, कुठं घासत नाही.

नेमगोंडाने ब्रेक दाबला. पाय टेकला.

"का रे?"

"उतरा, उस्ताद."

"चाक सरळ आहे."

"उतरा... पाया पडतो तुमच्या."

उस्ताद उतरले. परतताना नेमगोंडा सायकल ढकलत मागं मागं चालला. उस्तादांच्या जागी दुसरा माणूस बसणार होता, ज्याला स्वतःचे पाय टेकता येत नव्हते. एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं होतं, पण त्याने ते बाजूला सारलं होतं. खरं सांगायचं तर तसंच होतं.

"अक्का, सायकल आज मिळायची नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आँ? मघाशी तर झाली म्हणालास!"

"खोटं बोललो."

सुंदराक्का काही बोलणार, तोच सतरंजीवरून तिचा नवरा म्हणाला, "असू दे गं. उद्या जाऊ. दुखणं कुठं पळून जातंय?" आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नेमगोंडाचे कान तापले.

त्याने चाक उतरवलं. रिंगेत स्पोक आवळून धरणारं एकेक निपल ढिलं केलं, स्पोक काढले. सगळे पुढ्यात पडले, चकचकीत, एकमेकांत मिसळलेले. घासून घासून त्यांच्यावरची माती गेली होती, गंज गेला होता. त्यांच्याकडे बघवेना.

उस्ताद समोर येऊन बसले.

"हे फेकून देतो," नेमगोंडा म्हणाला. "नवे घालतो."

त्याने पाना खाली ठेवला.

"आणि मी घरी जातो, उस्ताद. तुमच्या हाताखाली राहायची माझी लायकी नाही. दुसरा कुणीतरी बघा... चांगला."

चिंचेची पानं ढिगावर पडत होती.

उस्तादांनी ढिगातून एक स्पोक उचलला. डोळ्यांजवळ नेला. मानेच्या वळणावरून हळूच अंगठा फिरवला, ताप बघायला लेकराच्या मानेवरून फिरवतात तसा. मग नेमगोंडाचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर तो स्पोक ठेवला.

"हा आतला का बाहेरचा?"